चार लेकरांच्या आईचं लुगडं

आमच्या सासूबाईंचे नियम पुष्कळ होते आणि त्यांतले निम्मे मला आजही पटत नाहीत. बाळाच्या कापडाबद्दलचा नियम मात्र मी एकदा अगदी मन लावून पाळला, आणि त्याचा पस्तावा मला जन्मभर पुरला आहे.

नियम असा होता. होणाऱ्या बाळाची दुपटी, झबली, लंगोट नव्या कापडाचे शिवायचे नाहीत, नवं कापड कोवळ्या अंगाला टोचतं. वापरून वापरून मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचे शिवायचे. एवढं तर घरोघरी असतं. पण ज्या घरात मुलं राहिली नाहीत, त्या घरचं जुनेर चालत नाही. ते मागून आणायचं, आणि तेही जिची सगळी लेकरं जगली आहेत अशा बाईकडून. एरवी सोवळ्याओवळ्याच्या इतक्या कडक सासूबाई, पण या एका बाबतीत कुणब्याचं, आगऱ्याचं, कुणाचंही कापड चालवून घ्यायच्या. होणाऱ्या आईनं ते स्वतःच्या हातानं शिवायचं. आणि, यावर त्यांचा फार जोर, बाळाच्या अंगाला लागेपर्यंत ते धुवायचं नाही. धुतलं की त्या बाईचा गुण पाण्याबरोबर जातो, असं त्या म्हणत.

थोरल्या जाऊबाईंची दोन मुलं गेली होती. पहिला मुलगा दहाव्या दिवशी गेला, दुसरा दात यायच्या सुमाराला. आता तिसऱ्या खेपेला त्यांना सातवा महिना लागला होता. आम्ही ठाण्याला तलावाजवळ तीन खोल्यांत राहत होतो: सासूबाई, जाऊबाई, मी आणि आमचे हे. दीर कल्याणला मामलेदार कचेरीत कारकून होते, ते रविवारचे येत. हे सरकारी दवाखान्यात औषधं कालवून देण्याच्या कामावर होते. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि माझी कूस उजवली नव्हती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते माझ्या तोंडावर फेकलं गेलं.

जाऊबाई अंगानं थोराड, चालीनं संथ आणि स्वभावानं हसऱ्या. मी तापट. मी भांडं आपटलं की त्या हळूच विचारायच्या, भांड्यानं काय केलं गं तुझं? त्यांनी मला पुरण वाटायला शिकवलं, आणि मी यांच्याकडून शिकलेली अक्षरं दुपारी त्यांना शिकवली. माझी सख्खी बहीणही मला इतकी जवळची नव्हती.

पहिली दोन बाळंतपणं ठाण्याला झाली होती, म्हणून या वेळी जागा बदलायची असं ठरलं. जाऊबाईंना माहेरी, खडवलीजवळच्या गावी पाठवायचं. मात्र आठव्या महिन्यात गर्भारशीनं वेस ओलांडायची नाही हा आणखी एक नियम. म्हणजे सातवा सरायच्या आत निघायला हवं आणि त्याआधी दुपटी शिवून व्हायला हवीत. आमच्याकडे कोपरीहून भाजी घेऊन एक आगरीण यायची. तिची सातही मुलं धडधाकट होती. ती आठवडाभर फिरकली नाही, तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातात माझंच एक बरं लुगडं बदल्यात द्यायला दिलं आणि मला तिच्याकडे पाठवलं.

ते मोठ्या दुष्काळाचं वर्ष होतं. देशावर पाऊस झाला नव्हता आणि माणसं घाट उतरून खाली येत होती. कल्याणला येऊन थकली ती तिथंच पडली, उरलेली पुढे ठाण्याला आणि मुंबईला गेली. स्टेशनाच्या पलीकडे, मिठागरांकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांनी चटया आणि झावळ्या उभ्या करून झोपड्या केल्या होत्या. तिकडे ताप पसरलाय, त्या वाटेनं जायचं नाही, असं यांनी मला दोनदा बजावलं होतं. दवाखान्यात त्या झोपड्यांतली माणसं रोज येत होती.

मी त्याच वाटेनं गेले. ऊन मी म्हणत होतं आणि ती वाट जवळची होती. एका झोपडीपुढे एक बाई बसली होती. नुसती हाडं, पण तिच्याभोवती चार मुलं होती, आणि चारही मुलं जिवंत. धाकटी तिच्या मांडीवर बोट चोखत पडली होती. मी उभी राहून विचारलं, सगळी तुझीच का?

"चार बी माजीच हायती, बाई," ती म्हणाली. "वाटंत लई जनांची गेली. माजं एक बी न्हाई गेलं."

तिच्या बोलण्यात इतका अभिमान होता की मला तिथंच सुचलं, आणि सुचलं याचा मला गर्व वाटला. भरल्या घरात सात मुलं जगली तर त्यात आगरिणीचं काय मोठंसं? दुष्काळातून चालत येऊन जिनं चारही जगवली, तिच्या कापडाचा गुण खरा. मी माझं लुगडं पुढे केलं आणि तिच्या अंगावरचं मागितलं. तिला आधी पटेना. मग तिनं झोपडीत जाऊन बदललं, आणि तिचं ते लाल-काळं, विटकं, पिठासारखं मऊ लुगडं माझ्या हातात घडी करून दिलं. मुलाला लाभेल, असं तिनं आपणहून म्हटलं.

घरी मी सांगितलं की आगरिणीकडून आणलं. खोटं बोलायची वेळ आली की माणूस एकच शब्द बदलतो, आणि त्याला वाटतं त्यानं फारसं काही केलं नाही.

कापडाला घामाचा आणि धुराचा वास येत होता. चुलीवर हंड्यात पाणी उकळत होतं. मी ते लुगडं हंड्यावर धरलं होतं, टोक पाण्याला लागायला वीतभर उरलं होतं, आणि मला नियम आठवला. मी हात मागे घेतला. ते उकळतं पाणी मी आजही डोळ्यांपुढून घालवू शकत नाही.

जाऊबाईंनी दुसऱ्याच दिवशी शिवायला घेतलं. दुपारी उजेडाला बसायच्या, लुगडं मांडीवर पसरायच्या आणि मला गोष्ट वाचायला लावायच्या. शिवणीत काही वळवळताना दिसलं की दोन्ही अंगठ्यांच्या नखांत धरून चिरडायच्या आणि बोटं पदराला पुसायच्या. त्यात काही विशेष नव्हतं. उवा तेव्हा कुणाच्या घरी नव्हत्या? दुपारच्याला एकमेकींचं डोकं बघणं हाच तर आम्हां बायकांचा विसावा होता. त्यांनी एक दुपटं पुरं केलं आणि त्याला कोपऱ्यात लाल दोऱ्यानं पोपट काढला. तो पोपट कमी आणि कावळा जास्त दिसत होता. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, मुलाला काय कळतंय, त्याला तू सांगू नकोस म्हणजे झालं.

आठ-नऊ दिवसांनी जाऊबाई सकाळी स्वस्थ बसल्या होत्या, त्या एकदम कुडकुडायला लागल्या. तासाभरात अंग भाजायला लागलं. डोकं, कंबर, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हसणाऱ्या त्या जाऊबाई माझा हात झिडकारत होत्या. डॉक्टर येऊन गेले. आमच्याकडचा नेहमीचा हिवताप समजून त्यांनी कोयनेल दिलं, आणि यांच्यामार्फत विचारलं की घरातलं कुणी झोपड्यांकडे गेलं होतं का. सासूबाईंनी नाही म्हटलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हटलं.

का म्हटलं? भीतीनं म्हटलं, दुसरं काय. मला वाटलं, हिवतापच असेल, चार दिवसांत उतरेल, आणि मग कशाला उगाच.

चार दिवसांत उतरला नाही. डोळे पिवळे झाले, एकदा नाकातून रक्त आलं. मी रोज सकाळी कोनाड्यात एक चिंचोका ठेवत होते. सातवा चिंचोका ठेवला त्या दुपारी त्यांना अशी थंडी भरली की खाट हलायला लागली, आणि मग घाम सुटला. दोन चादरी पिळून टाकल्या. संध्याकाळी अंग गार, नाडी बारीक, पण डोळे उघडे, आणि त्या म्हणाल्या की भूक लागलीय. सासूबाई देवापुढे जाऊन रडल्या. मीही रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

दोन दिवसांत जाऊबाई उठून बसल्या. सासूबाईंनी ज्योतिष्याला विचारून आरोग्यस्नानाचा दिवस काढला आणि त्याच्यामागून लगेच माहेरी निघायचा. आठवा लागायला चारच दिवस उरत होते. दिरांना निरोप गेला. अंथरूण-पांघरूण सगळं धुतलं, फक्त दुपट्यांचं बोचकं तेवढं तसंच बांधून ठेवलं. स्नानाच्या वेळी जाऊबाईंना चक्कर आली, तरी त्या हसत होत्या.

त्याच संध्याकाळी जेवताना हे सहज सांगायला लागले. झोपड्यांतला तो ताप मोठा विचित्र आहे. आठवडाभर येतो, घामाबरोबर उतरतो, माणूस चालायला लागतो, आणि पुन्हा आठवड्याभरानं त्याच माणसाला गाठतो. कोयनेलाला तो बधत नाही. मुंबईच्या इस्पितळात अशा रोग्यांच्या रक्तात यंत्राखाली कसलासा पिळाचा जंतू सापडलाय म्हणतात, म्हणून डॉक्टरांनी यंत्र मागवून घेतलंय. सासूबाईंनी विचारलं, म्हणजे आमच्या थोरलीचा तसला नव्हे ना? हे म्हणाले, छे, तिचा कुठला, आपल्याकडून तिकडे कोण गेलंय?

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आख्ख्या ठाण्यात ते एकट्या मलाच ठाऊक होतं.

मी कोनाड्यातले चिंचोके काढून पुन्हा पहिल्यापासून मांडायला लागले, ताप उतरल्यापासूनचे. जाऊबाई जेवल्या की मला बरं वाटे, निजल्या की धास्ती वाटे. दहा वेळा त्यांच्या कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, कुंकू पुसलंय. त्यांना ते कळलंच असणार. एकदा म्हणाल्या, माझ्या कपाळाची एवढी काळजी तू पूर्वी नव्हतीस करत. मला सांगून टाकावंसं वाटे आणि तोंड उघडत नसे. सांगितलं तर निघणं रद्द होणार, आठवा लागणार, आणि मग बाळंतपण याच घरात, जिथं दोन गेली. आणि ताप आलाच नाही तर? मी उगाच पनवती लावल्यासारखं होईल. नाही सांगितलं आणि ताप वाटेत आला तर? बैलगाडीत, रानात, पोटुशी बाई. पाच चिंचोके होईपर्यंत मी असं मनात मागेपुढे करत राहिले.

पाचव्या दिवशी देवळात जाते म्हणून मी झोपड्यांकडे गेले. मला बघायचं होतं की ती बाई बरी आहे का. ती बरी असती तर मी गप्प बसले असते, हे मी कबूल करते.

ती तशीच झोपडीपुढे बसली होती, माझं लुगडं नेसून. भोवती तीन मुलं होती.

मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. आधी ताप तिला आला, मग धाकटीला. दोघींचा उतरला, धाकटी खेळायला लागली, तिनं तिला भाकरी कुस्करून घातली. आठव्या दिवशी पुन्हा आला. "जातो आन् येतो, बाई," ती म्हणाली. "गेला म्हनून हसू नगा." मग ती उठून आत गेली आणि थोड्या वेळानं चटईच्या आडून तिचा हात बाहेर आला. हातात माझं लुगडं होतं. आत तिच्या अंगावर बहुतेक गोणपाट असावं.

"तुजं माघारी घे," ती आतून म्हणाली. "मी आता चार लेकरांची आय न्हाई. माजं कापड तुला लाभायचं न्हाई."

मी ते घेतलं नाही. ती व्यवहाराची चोख होती, आणि मी तिच्यापुढे खोटारडी उभी होते. लुगडं ठेव, असं मी दोनदा म्हटलं आणि तिथून पळाल्यासारखी आले. घरी येऊन दुपट्यांचं बोचकं चुलीत घातलं. सासूबाईंनी जळका वास कसला म्हणून विचारलं, मी म्हटलं चिंधी पेटवली. म्हणजे तेव्हाही मी खोटंच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. कल्याणपर्यंत आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं जायचं ठरलं होतं. दीर आदल्या रात्रीच आले होते. जाऊबाईंची ओटी भरून झाली, टांगा दारात आला, आणि सासूबाई दुपट्यांचं बोचकं शोधायला लागल्या. तेव्हा मी सगळं सांगितलं. उंबऱ्यात उभी राहून, सगळ्यांदेखत, झोपडीतल्या बाईचं लुगडं, तिचा ताप, तिची धाकटी, चुलीतलं बोचकं. हेही सांगितलं की ताप उद्या-परवा परत येणार आणि जाऊबाईंना पाठवू नका.

आधी सासूबाई बोलल्या. त्या ओरडल्या नाहीत.

"स्वतःची कूस उजवली नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून हिला दुसरीचं बघवत नाही. बाळाची कापडं जाळली हिनं."

मला वाटलं होतं सगळे मला मारतील, शिव्या देतील, त्याला मी तयार होते. याला नव्हते. यांनी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी जाऊबाईंचं बोट टोचून काचेवर थेंब घेतला, दवाखान्यात नेऊन यंत्राखाली पाहिला, आणि परत येऊन सांगितलं की रक्तात काही दिसत नाही. पण ताप नसताना तो जंतू कुणाच्याच रक्तात दिसत नाही, तेव्हा नाही असंही म्हणवत नाही. सासूबाई म्हणाल्या, जे दिसत नाही त्याच्यासाठी मुहूर्त घालवायचा का? कापडातला न दिसणारा गुण ज्यांनी आजवर सांभाळला, त्यांना रक्तातली न दिसणारी पीडा काही केल्या पटेना. दीर एकदा आईकडे, एकदा भावाकडे बघत होते. टांगेवाला घाई करत होता.

जाऊबाई आतापर्यंत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या खाली बसल्या आणि ओटीतला नारळ बाजूला ठेवला.

"मी जात नाही," त्या म्हणाल्या. "तिला माझं वाईट व्हावंसं वाटलं असतं, तर ती गप्प राहिली असती."

टांगा परत गेला. तो दिवस गेला आणि काही झालं नाही. सातवा चिंचोका ठेवला, तोही दिवस गेला. जाऊबाई पोळ्या लाटायला बसल्या. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या, माझ्या हातचं पाणी घेत नव्हत्या. मुहूर्त चुकला, आठवा दोन दिवसांवर आला, आणि ताप नाही. मी देवाला हात जोडून काय मागितलं ते सांगायची मला लाज वाटते. ताप येऊ नये असंच मागितलं, अगदी मनापासून. पण मनाच्या एका कोपऱ्यात, आला नाही तर मला या घरात तोंड राहणार नाही, हेही होतं.

आठव्या दिवशी सकाळी जाऊबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. त्या कुडकुडत होत्या.

डॉक्टरांनी या वेळी यंत्रच घरी आणलं, खिडकीत उजेडाला ठेवलं. जाऊबाईंचा थेंब काचेवर घेऊन ते बराच वेळ बघत राहिले. मग यांनी पाहिलं. मग यांनी मला खूण केली. त्या काळी परक्या पुरुषासमोर मी असं पुढे जाणं हेच मोठं होतं, पण कुणी हटकलं नाही. मी पितळी नळीला डोळा लावला. आधी नुसत्या फिकट गोल टिकल्या दिसल्या, दाटीवाटीनं पसरलेल्या. मग त्यांच्यामधून एक बारीकसा धागा सरकला. जुनी शिवण उसवून दोरा काढला की तो कसा वळ्यावळ्यांचा पीळ धरून राहतो, तसा. फक्त हा जिवंत होता. तो पीळ फिरवत पुढे यायचा, टिकल्यांना ढकलायचा, वळायचा, मागे जायचा. मग दुसरा दिसला. तिसरा दिसला. मला डोळा काढता येईना. एवढंसं ते, आणि याच्यासाठी मी दोन आठवडे देव, मुहूर्त आणि चिंचोके मोजत बसले होते.

तो धागा माणसाकडे उवेवाटे येतो, हे कळायला आणखी तीस वर्षं गेली. माझा मुलगा डॉक्टर झाला, त्यानं मला ते सांगितलं. ऊ चावून नव्हे, तर ती नखात चिरडली की तिच्या अंगातलं बाहेर येतं, आणि खाजवलेल्या, ओरखडलेल्या कातडीतून आत जातं. कपडे उकळत्या पाण्यात घातले की ऊही मरते आणि सगळंच संपतं, असं तो सहजपणे म्हणाला. त्याला काय माहीत मी तेव्हा कोणता हंडा बघत होते ते.

दुसऱ्या खेपेचा ताप चारच दिवस होता. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंना कळा सुरू झाल्या. मुलगी झाली. ती रडली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिला गुंडाळायला घरात दुपटं नव्हतं. मी माझा पदर फाडला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

जाऊबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, वाटेत असत्या तर दोघीही गेल्या असत्या. त्यांनी ते खरं म्हणून सांगितलं की माझ्याकडे बघून सांगितलं, हे मी कधी विचारलं नाही. सासूबाई पुन्हा माझ्या हातचं पाणी घ्यायला लागल्या. माझी माफी कुणी मागितली नाही, आणि तशी अपेक्षा करण्याचा हक्क मला नव्हताच. पाऊस झाल्यावर झोपड्या उठल्या. मी एकदा मुद्दाम जाऊन बघून आले, तिथं नुसती राखेची वर्तुळं होती. ती बाई तिन्ही मुलं घेऊन घाट चढली की नाही, मला माहीत नाही.

जाऊबाई माझ्याशी बोलत होत्या, पण मीठ किती घातलं आणि दूध उतू गेलं एवढंच. दुपारी गोष्ट वाचू का विचारलं, तर डोकं दुखतं म्हणायच्या. माझं डोकं त्यांनी पुन्हा कधी मांडीवर घेतलं नाही. मला त्यांचा राग यायचा, आणि मग तो आल्याचा राग यायचा. त्यांना पुन्हा दिवस राहिले नाहीत.

दीड वर्षानं मला राहिले. आनंद व्हायच्या आधी मला भीती वाटली, की आता त्यांच्यासमोर मी कशी वावरू. सासूबाईंनी सातव्या महिन्यात कोपरीच्या त्या आगरिणीकडून स्वतः जाऊन लुगडं आणलं, आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवलं. मी ते तसंच कोनाड्यात ठेवून दिलं. मला त्याला हात लावता येईना.

मग एका दुपारी जाऊबाई माझ्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आल्या. आत आल्या नाहीत. त्यांच्या हातात चार दुपट्यांची घडी होती, हिरव्या लुगड्याची, पिवळा काठ. ते लुगडं मी ओळखत होते. पहिल्या बाळंतपणात त्यांच्या अंगावर तेच होतं.

"माझंच आहे," त्या म्हणाल्या. "तीन वेळा उकळलंय. सासूबाईंना चालायचं नाही. तुला चालेल का?"

त्यांचा हात पुढे होता, आणि मला चटईआडून आलेला तो दुसरा हात आठवला. त्या वेळी मी पळाले होते. या वेळी मी उठले, घडी घेतली, आणि तिथंच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्यानं रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग घडीतलं वरचं दुपटं उलगडून कोपरा दाखवला. तिथं लाल दोऱ्याचा पोपट होता, पहिल्यासारखाच कावळ्याच्या तोंडाचा.

मुलगा झाला. सुइणीनं त्याला त्याच दुपट्यात गुंडाळून सासूबाईंच्या मांडीवर दिलं. त्यांची बोटं पिवळ्या काठावर थांबली. काठ त्यांनी ओळखला, मी बघत होते. जिची तिन्ही गेली तिचं कापड, आणि तेही धुतलेलं. मी काही बोलायला तोंड उघडलं. पण त्यांनी दुपट्याचं टोक बाळाच्या पायांखाली नीट दुमडलं, आणि त्याला उचलून जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं.